हवेला चकाकी दिसत नाही

इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड, आतून घासून घ्यायचा ठरला की गॅरेजात पहिली फर्माईश ठरलेली असते: 'मेस्त्री, आरशासारखा करून द्या.' मागणाऱ्याला तरी दोष कसा द्यायचा? चकाकी डोळ्यांना दिसते, मोबाइलवर फोटो काढून चार जणांना दाखवता येते, पैसे कुठे गेले ते कळतं. हवेला यातलं काहीच कळत नाही. वाट कुठे आवळली आहे, कुठे पायरी आडवी आली आहे, कुठे उगाच फुगली आहे, एवढंच तिला जाणवतं. आणि नेमक्या याच गोष्टी फोटोत येत नाहीत.

गोव्यात अजून धावणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी या कामाला सोयीच्या म्हणजे जिप्सी किंग आणि एस्टीम. दोन्हींत सुझुकीच्या जी-१३ घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा ओतीव, म्हणजे घासून आकार देता येण्याजोगा. नव्या गाड्यांत तो बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. वेगवेगळे ओतलेले तुकडे घर्षणाने वितळवून एकमेकांना जोडलेले. तो आतून मुळातच गुळगुळीत असतो. त्यात ग्राइंडर घालणं म्हणजे जोडाजवळची भिंत पातळ करून ठेवणं. तिथे हात लावू नये, एवढं सांगून तो विषय सोडतो.

जुना ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बाकावर घ्या, तेलकट काजळी धुऊन काढा आणि सिलिंडर हेडकडच्या तोंडातून लहान टॉर्च आत सोडा. आधी दिसते ती वाळूची खरखर. मग डोळा सरावला की रनरच्या (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) अंगाने लांबवर गेलेली एक उंच रेघ दिसते, कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे चांगली एक. आतली पोकळी ज्या गाभ्याभोवती ओतली गेली, त्याचे दोन अर्ध जिथे भिडतात तिथे धातू घुसून ही रेघ उठते. वळणापाशी ती जाड होते. इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या) भोकाच्या काठावर एखादी कड आत लोंबत असते. आणि शेवटी फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीच्या) तोंडाकडे बघा: भोक चारही बाजूंनी सारखं नसतं. ओतताना गाभा जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची पातळ. चारही तोंडं एकाच दिशेला सरकलेली असतील असंही नाही. पहिल्याचं वर, तिसऱ्याचं डावीकडे, असा कारभार असतो. घासायचं काम आहे ते इथे: रेघा, लोंबत्या कडा, आणि फ्लँजपाशी हेडशी न जुळणारी पायरी. मधल्या लांबट भागाच्या खरखरीचा नंबर फार मागे लागतो.

का ते आकड्यांत सांगायला हवं. ३४ मिलिमीटर व्यासाच्या वाटेतून मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर या इंजिनाची हवा सरासरी ७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास धावते. प्रवाह अर्थातच खवळलेला असतो, पण भिंतीला अगदी चिकटून एक पातळ थर त्या मानाने शांत सरकतो. या वेगाला त्याची जाडी निघते साधारण दोन-अडीच शतांश मिलिमीटर. ८० ते १२० नंबरच्या सँडपेपर रोलने उमटलेले ओरखडे बहुतेक याच थरात बुडून जातात. त्यापुढे ४०० नंबर, मग बफ, मग पॉलिशची साबणवडी, हा सगळा खटाटोप हवेच्या लेखी घडलेलाच नसतो. एक मिलिमीटरची रेघ मात्र त्या थराच्या चाळीसपट उंच. ती मुख्य प्रवाहात उभी राहते.

कार्बोरेटरच्या गाडीत आरसा नुसता वाया जात नाही, नडतो. तिथे मॅनिफोल्डमधून हवेबरोबर पेट्रोलही जातं, आणि त्यातलं सगळं काही वाफ झालेलं नसतं. बराचसा भाग थेंबांत, काही भाग भिंतीवर ओल धरून सरकत असतो. भिंत थोडी खरखरीत असली की ती ओल विस्कटते, पुन्हा हवेत उडते. गुळगुळीत भिंतीवर ती ओघळ धरते, तळाशी जमते आणि वळणावर एकाच सिलिंडरच्या पदरात पडते. मग थंड इंजिन अडखळतं, एक प्लग काळा आणि दुसरा पांढरा निघतो, आणि मेस्त्री जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) बदलत बसतो. म्हणून कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डला ८० नंबरच्या पुढे जाऊ नये, आणि शेवटचे हात प्रवाहाला आडवे मारावेत. एमपीएफआयच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत इंजेक्टर हेडच्या तोंडाशी बसतो, त्याच्या अलीकडे नुसती हवा. तिथे १२० नंबरपर्यंत जायला हरकत नाही, पण जाऊन मिळत काही नाही.

आता मोठा प्रश्न: वाट रुंद करायची का? दहापैकी नऊ जणांचं उत्तर 'हो' असतं, आणि गोव्यातल्या रस्त्यांसाठी ते चुकीचं आहे. हिशेब सोपा आहे. सहा हजार फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग येतो १५.१ मीटर प्रति सेकंद. बोअरचं क्षेत्रफळ ४३०१ चौरस मिलिमीटर. समजा वाट ३२ मिलिमीटरची, म्हणजे ८०४ चौरस मिलिमीटर. हवेचा सरासरी वेग ८१ मीटर. ३४ केली की क्षेत्रफळ ९०८, वेग साडेएकाहत्तर. ३६ केली की १०१८ आणि वेग ६४. व्यासात चारच मिलिमीटर वाढले, पण क्षेत्रफळ सव्वापटीहून जास्त झालं. दोन हजार फेऱ्यांवर हेच वेग एक तृतीयांश होतात: २७, २४ आणि २१. तळच्या फेऱ्यांवर सिलिंडर नीट भरतो तो याच वेगाच्या जोरावर. पिस्टन तळाला जाऊन वर वळला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. आत धावणाऱ्या हवेला वेग असेल तर ती त्या वेळातही आत घुसत राहते, नसेल तर उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते.

म्हणजे रुंद वाट कमाई देते ती साडेपाच हजारांच्या वर, आणि वसुली करते तीन हजारांच्या खाली. केरीहून चोर्ला घाट चढताना किंवा काणकोणला जाताना करमल घाटात जिप्सी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अडीच ते चार हजारांत चालते. म्हापशाच्या बाजारात तर त्याच्याही खाली. तिथे ताकद घालवून सहा हजारांवर मिळवायची, आणि मग ती वापरायची कुठे? रस्त्यावरच्या गाडीत मूळ क्षेत्रफळाला धक्का न लावता फक्त अडथळे काढायचे, हा आमच्या मते एकमेव शहाणा बेत. तेवढ्याने मिळते ती वाढ थोडी असते. वरच्या फेऱ्यांवर काही टक्के, तीही मिळालीच तर. खाली इंजिन जरा एकसारखं चालतं, कारण चारही सिलिंडरना वाटा सारख्या मिळतात. माझ्या मते हा दुसरा फायदाच खरा, पण तो कुणी मागत नाही.

काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेशन मोजा, एअर फिल्टर आणि प्लग बदला, व्हॅक्यूम गेज लावून स्लोवरचा (उभ्या गाडीत इंजिन रिकामं चालतानाचा) आकडा लिहून ठेवा. नाहीतर नव्या प्लगचं श्रेय मॅनिफोल्डला जातं. मग बॅटरीची ऋण वायर काढायची, पेट्रोल लाइनमधला दाब उतरवायचा, कूलंट काढायचं, आणि प्रत्येक होजला चिकटपट्टी लावून नंबर घालायचा. व्हॅक्यूमचे बारीक पाइप सगळे सारखेच दिसतात. 'लक्षात राहील' म्हणणाऱ्याची संध्याकाळ त्यांतच जाते.

किनाऱ्यालगतच्या गाडीत पहिली झुंज स्टडशी. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि खारी दमट हवा, हे तिघं एकत्र आले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन ती स्टडभोवती घट्ट बसते. आदल्या संध्याकाळी गंज सैल करणारं तेल सोडून ठेवायचं, नट थंड इंजिनवरच खोलायचे, कडेच्या नटांपासून मध्याकडे. नट जाम वाटला तर एकदम पाना न ओढता अर्धा आटा पुढे, अर्धा मागे. स्टड हेडमध्ये तुटला तर अख्ख्या मॅनिफोल्डच्या कामापेक्षा तो काढायचं काम मोठं होतं. मॅनिफोल्ड निघाला की हेडची तोंडं लगेच स्वच्छ कापडाने बंद करा. किती कापडं कोंबली ते मोजून लिहा.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिग्रीझर. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत मात्र टाकू नका. बिडाचे भाग त्यात छान निघतात म्हणून सवयीने ॲल्युमिनियमही बुडवलं जातं, आणि सोडा ते चक्क खातो. फेस येतो तो हायड्रोजनचा. मग फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने बघायचं. ०.१० मिलिमीटरची पाती कुठे सरकली तर फ्लँज वाकली आहे. जाड काचेवर २२० नंबरचा कागद चिकटवून, त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत ती सपाट करता येते; त्याहून जास्त वाक असेल तर सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे द्या.

खुणा करताना बहुतेक जण पॅकिंग (सांध्यातला गॅस्केट) फ्लँजवर ठेवतात आणि त्याच्या भोकाएवढं कोरतात. इथेच काम बिघडतं. बाजारच्या पॅकिंगचं भोक बऱ्याचदा दोन्ही तोंडांपेक्षा मोठं असतं. त्याला जुळवलं की पॅकिंगपाशी एक फुगवटा तयार होतो, आणि त्यानंतर हवा हेडच्या कडेवर आपटते. जुळवायचं ते हेडच्या तोंडाशी. जाड कागद हेडवर ठेवून स्टड त्यातून आरपार काढा, तोंडाच्या काठावर लहान हातोडीच्या गोल बाजूने हलके ठोके द्या. काठ कागदावर कापला जातो. तोच कागद उलटा करून, स्टडची भोकं जुळवून मॅनिफोल्डच्या फ्लँजवर धरायचा. फ्लँजवर आधी निळी मार्किंग शाई किंवा काळा मार्कर फासून ठेवलेला हवा. टोकदार सुईने रेघ मारली की गाभा किती सरकला होता ते उघडं पडतं: एका बाजूला रेघ भोकाला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटर लांब.

त्या रेघेपर्यंत पूर्ण जायचं नाही. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा सगळीकडून अर्धा मिलिमीटर लहान ठेवायचं. बाहेर पडणाऱ्या हवेला मोठ्या तोंडात शिरायला अडचण नसते, आणि उलट येणाऱ्या लाटेला ती बारीक पायरी थोपवते. याच्या उलट, मॅनिफोल्ड मोठा आणि हेड लहान, ही सगळ्यात वाईट मांडणी. पॅकिंग किंचित सरकलं तरी निभावून जाईल एवढी जागाही त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

कटर कार्बाइडचा, पण ॲल्युमिनियमसाठीचा: एकेरी धार, खोल आणि रुंद खाचा. बिडासाठीचा बारीक दुहेरी धारेचा कटर लावला तर अर्ध्या मिनिटात त्याच्या खाचा ॲल्युमिनियमने भरून तो कापायचं सोडून घासायला लागतो. कुठलाही कटर भरू नये म्हणून त्याला अधूनमधून मेणबत्ती लावायची. रॉकेलही चालतं असं सांगितलं जातं, पण विजेच्या ग्राइंडरच्या कार्बनमधून ठिणग्या उडतात, तेव्हा मेणबत्तीच बरी. सहा मिलिमीटर दांडीचा, बारा मिलिमीटरच्या अंडाकृती डोक्याचा कटर बहुतेक कामाला पुरतो. वेग पंधरा ते अठरा हजार. लांब दांडीचा कटर असेल तर बराच कमी, नाहीतर दांडी वाकून हातातून निसटते. कटर आधी भोकात घालायचा आणि मग स्विच दाबायचा, काढताना थांबल्यावरच काढायचा. फिरता कटर फ्लँजवर एकदा उडाला की तिथे चर पडतो, आणि तो नेमका पॅकिंगच्या बसणीवर असतो. म्हणून फ्लँजवर आधीच दोन-तीन पदर जाड टेप चिकटवून ठेवावी. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क. ॲल्युमिनियमची बारीक पूड साठू द्यायची नाही, ती पेट घेते.

कापणी फ्लँजपासून आत वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत, आणि तिथे मूळ भिंतीत विरून जाणारी. तोंड मोठं करून आत एकदम थांबलं की बाटलीच्या गळ्यासारखा आकार होतो. हात सतत फिरता ठेवायचा, एका जागी टेकला की खड्डा. वळणाच्या आतल्या, लहान बाजूला कटर लावूच नये. हवा तिथेच भिंत सोडायला टपलेली असते. तिथली गोलाई जरा चपटी झाली तर प्रवाह सुटतो आणि उरलेली वाट आपोआप अरुंद होते. लांबच्या रेघा कटरच्या टोकाने नव्हे, कुशीने हलक्या खरवडायच्या, आणि मग ८० नंबरचा कार्ट्रिज रोल.

मध्ये मध्ये जाडी बघत राहा. बाहेरून-आतून कॅलिपर लावून भिंत तीन मिलिमीटरच्या खाली जात असेल तर थांबा. कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डखाली गरम पाण्याचा कप्पा असतो, आणि खाऱ्या-जुन्या कूलंटने तो पलीकडून आधीच खाल्लेला असू शकतो. आरपार गेलं तर टिग वेल्डिंगने भरता येतं. पण वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या ओतीव धातूत पहिल्या फेरीत हमखास बुडबुडे येतात. थ्रॉटल बॉडीच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या पाकळीच्या घराच्या) आत तर रोल फिरवण्याचा मोह अजिबात नको. पाकळी बंद असताना ती ज्या काठावर बसते तो काठ शतांशांत मोजलेला असतो. तो घासला की स्लो चढतो आणि परत उतरत नाही.

चारही रनर सारखे झाले का, हे नजरेने ठरत नाही. खालचं तोंड ग्रीस लावलेल्या ॲक्रिलिकच्या चकतीने बंद करा, ब्युरेटने रॉकेल भरा, किती सीसी बसलं लिहा. आतल्या आणि बाहेरच्या रनरची लांबी मुळातच वेगळी असू शकते, तेव्हा जोडीची तुलना जोडीशी: पहिल्याची चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. एक-दोन सीसीचा फरक चालतो.

धुणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महाग पडू शकणारं पाऊल. रोलमधले कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बाटली धुवायचा ब्रश, दाबाची हवा. मग पुन्हा तेच. पांढरं कापड प्रत्येक वाटेतून ओढून स्वच्छ निघेपर्यंत. इंजेक्टरची भोकं, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी) नळी, मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) बारीक छिद्र, इथे चुरा लपतो. पावसाळ्यात काम करत असाल तर त्याच दिवशी बसवा किंवा कोरडा करून प्लास्टिकमध्ये बांधा. नुकतंच उघडं पडलेलं ॲल्युमिनियम समुद्रालगतच्या हवेत लवकर काळवंडतं, आणि हेड उतरवलेलं असेल तर सिलिंडरचं उघडं बीड जुलैत एका रात्रीत तांबूस होतं.

आणि मुळात त्या हवेचाच हिशेब बाकी आहे. वैशाखात दुपारी पारा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर हवेच्या दाबातला जवळजवळ पावणेचार टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो. २० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या हवेशी तुलना केली, तर एकाच घनफळात कोरडी हवा साधारण पावणेसात टक्के कमी बसते. चार संध्याकाळी घासून जे कमवायचं, त्याच्याहून जास्त ऋतूच घेऊन जातो. त्यातला वाफेचा भाग आपल्या हातात नाही, तापमानाचा थोडा आहे. रेडिएटरमागची तापलेली हवा ओढणाऱ्या एअर क्लीनरचं तोंड ग्रिलच्या मागच्या थंड जागेत नेलं, तर इनटेकची हवा दहा अंशांनी उतरली तरी घनता तीन टक्क्यांनी वाढते. हे काम एका दुपारचं आहे आणि त्याला कटर लागत नाही. फक्त ते तोंड बंपरच्या खाली नेऊ नका. साचलेल्या पाण्यातून जाताना एक घोट आत गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बसवताना पॅकिंग नवं, आणि कोरडं. त्यावर सिलिकॉन फासायची सवय आपल्याकडे फार. पेट्रोलने ते फुगतं, कडेचे तुकडे सुटून व्हॉल्व्हपर्यंत जातात. नट मध्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कला. आठ मिलिमीटरच्या स्टडना तो साधारण २०-२५ न्यूटन-मीटर असतो. इंजिन पूर्ण तापवून, पूर्ण थंड करून पुन्हा एकदा पाना लावायचा.

सुरू केल्यावर व्हॅक्यूम गेज स्लोला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर हवं. आपण समुद्रसपाटीवर आहोत, तेव्हा उंचीची सबब नाही. काटा कमी असेल किंवा स्लो वर-खाली होत असेल तर फ्लँजच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा. जिथे इंजिनाचा आवाज बदलेल तिथे गळती. तापलेल्या एक्झॉस्टपासून फवारा लांब ठेवा, दोन्ही एकाच बाजूला असतील तर धुराची चाचणी करून घ्या. स्कॅनर लागत असेल तर फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा: स्लोला दहा टक्क्यांच्या वर आणि फेऱ्या वाढवल्यावर शून्याजवळ, हे गळतीचं लक्षण. उलट स्लोला ठीक आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ, तर हवा खरंच वाढली आहे आणि पेट्रोल तेवढं वाढलेलं नाही. कार्बोरेटरला मेन जेट एक पायरी मोठा करून बघता येतो. ईसीयूच्या (इंजिनाचा संगणक असलेल्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर साध्या चालण्यात सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला घेत नाही. तिथे मोजल्याशिवाय घाट चढवू नका, ठोका यायला लागला तर पिस्टनची कड जाते. पीयूसी याच टप्प्यावर नव्याने काढून घ्यावी, सीओचा आकडा बघून पुष्कळ कळतं.

सुधारणा मोजायची तर तोच सपाट रस्ता, तिसरा गिअर, दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत घड्याळ लावून, दोन्ही दिशांना, आणि आधीच्या मोजणीसारख्याच हवामानात. सकाळी सहाला 'आधी' आणि दुपारी दोनला 'नंतर' मोजलं तर मॅनिफोल्ड बिचारा उगाच नापास होतो. पहिले पाचशे किलोमीटर झाले की स्टड पुन्हा तपासा. सुरुवात खालच्या रांगेपासून करा. तिथे पाना सरळ बसत नाही, म्हणून टॉर्क कमी राहिलेला असतो तो तिथेच.